नदी गढूळ होती त्या दिवशी

बाबा, तुम्ही उत्तर दिलं नाहीत.

"मार्चमध्ये जायलाच हवं का? व्हिसाच्या एक्स्टेंशनचा अर्ज करू या ना," असं मी विचारलं होतं. गाडी घाट चढत होती, वायपर सगळ्यात जोरात चालू होते, दोन्हीकडची फरची झाडं ढगात गेली होती. हा विषय याआधी निघाला तेव्हा प्रत्येक वेळी तुम्ही माझं वाक्य पुरं व्हायच्या आत 'नाही' म्हणाला होतात. सांगलीचं घर बंद आहे, अंगणातल्या आंब्याकडे बघायला कुणी नाही, शेजारी तरी किती करणार. या वेळी काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, विचार करताय. मला बरं वाटलं. तुम्हाला वेळ मिळावा म्हणून मी विषय बदलला आणि जेवणाचं बोलायला लागले. मेथी आहे पण पिवळी पडायला लागलीय, आजच करून टाकते. भाकरी करू की पोळी? निखिलला उशीर होईल, आपण जेवून घेऊ. मी अशी बोलत राहिले, घाट चढून, घाट उतरून, पार सपाटीला येईपर्यंत. आणि शेजारच्या सीटवर तुम्ही नव्हतात.

लोक विचारतात तेव्हा मी 'गाडीत गेले' एवढंच सांगते. ऐकणाऱ्याला वाटतं, अपघात. मग अपघात नव्हता, हे समजावून सांगावं लागतं, आणि ते सांगताना दर वेळी मलाच नव्याने धक्का बसतो. दुसऱ्या कुणाची तरी हकिकत मला पहिल्यांदा कळतेय असं वाटतं.

आम्ही घाबरलो होतो ते नदीला. निखिलने तुमच्या गळ्यात शिट्टी अडकवली होती. पाण्यात तोल गेला तर वाजवायची म्हणून. तुम्ही ती एकदाच वाजवलीत, चहा झाला का हे मला विचारायला. मासे धरायला पाण्यात उतरताना ते छातीपर्यंत येणारे रबरी वेडर्स, वर कमरेला घट्ट पट्टा, हातात काठी, एवढा सगळा बंदोबस्त. त्या दिवशी तर तुम्ही पाण्यात उतरलाही नाहीत. वेडर्स डिकीतून बाहेरसुद्धा निघाले नाहीत.

कुठून सुरू झालं हे? दोन हजार पाचच्या थंडीत तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे ओरेगनला आलात. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. निखिल सकाळी आठला ऑफिसला जायचा तो दिवे लागल्यावर यायचा. माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर टांगलेला, नोकरीची परवानगी नाही. पुण्यात मी स्ट्रक्चरल डिझाइनच्या ऑफिसात होते, इथे डिशवॉशर लावत होते. बाहेर दिवसभर ती बारीक, न थांबणारी रिपरिप. घरात एक सून आणि एक सासरा, दोघेही इंजिनिअर, दोघांनाही काम नाही. आपण किती अवघडलो होतो तेव्हा. तुम्ही पेपर शोधायचात, तो नसायचा. मी विचारायचे, चहा ठेवू? तुम्ही म्हणायचात, आत्ताच झाला की.

मग एक दिवस तुम्ही फिरायला म्हणून माकडटोपी घालून बाहेर पडलात आणि जेवायची वेळ टळली तरी परत आला नाहीत. मी छत्री घेऊन शोधायला निघाले. तुम्ही कोपऱ्यावरच्या घराच्या उघड्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसला होतात. समोर एक अगडबंब म्हातारा गळाला लाल लोकरीचा धागा बांधत होता. तो रॉन. उभी हयात त्याने लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक चालवले होते. त्याचं निम्मं इंग्रजी तुम्हाला कळत नव्हतं आणि तुमचं सरकारी इंग्रजी ऐकून तो सारखा हसत होता. घरी आल्यावर तुम्ही सांगितलंत, "रानबा म्हणतो, नदीवर चला." रॉनचा रानबा तुम्ही पहिल्याच दिवशी करून टाकला होतात.

निखिल म्हणाला, बाबा, तुम्ही मासे खात नाही. तुम्ही म्हणालात, खायला कोण जातंय.

स्टीलहेड हे नाव मी तेव्हा प्रथम ऐकलं. तुम्ही मला जेवताना समजावलंत, खात्यातल्या ज्युनिअरला समजवावं तसं. नदीत जन्मतो, समुद्रात जातो, मोठा होऊन हिवाळ्यात त्याच नदीत अंडी घालायला परत येतो. सामन मासा अंडी घातली की मरतो. हा मरेलच असं नाही. याच्यातले काही पुन्हा समुद्रात जातात आणि पुन्हा येतात. "म्हणजे माझ्यासारखं," तुम्ही म्हणालात. "सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे."

पहिले काही दिवस रॉनने त्याच्या ट्रकमधून नेलं. मग त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आपले वांधे झाले. मला लायसन्स मिळून महिनाही झाला नव्हता. डोंगरातला रस्ता, पाऊस, समोरून येणारे ओंडक्यांचे ट्रक. मी नको म्हटलं. तुम्ही आग्रह केला नाहीत, फक्त खिडकीपाशी जाऊन उभे राहिलात. दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून किल्ली घेतली. जाताना तुम्ही शेजारी बसून न बोलता, आपल्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत होतात. मला ते दिसत होतं.

असे आपण दोन हिवाळे विल्सन नदीवर गेलो. पुलाखाली गाडी लावायची, पायवाटेने उतरायचं, तुम्ही पाण्यात, मी काठावर खुर्ची टाकून छत्रीखाली. थर्मासमध्ये चहा, डब्यात थालीपीठ. पहिल्या हिवाळ्यात तुम्हाला एकही मासा लागला नाही. मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात सगळ्यांनी चेष्टा केली. म्हणाले, काका, दुकानात मिळतो, सोलून देतात. तुम्ही हसलात. मला मात्र राग आला होता. तुम्ही किती वेळ त्या पाण्यात उभे असता हे मी बघितलं होतं. तळहातावर तंबाखू मळत बसल्यासारखे थंडीने कडक झालेले हात चोळायचात आणि पुन्हा गळ टाकायचात.

आपलं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. या नदीतले जे हॅचरीत, म्हणजे पैदास केंद्रात वाढवलेले मासे, त्यांचा पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा पर लहानपणीच कापलेला असतो. ते घरी न्यायला परवानगी. ज्याचा पर शाबूत, तो नदीचा स्वतःचा, त्याला सोडून द्यायचं. आणि तुम्ही तर दोन्ही सोडणार होतात. मी म्हणायचे, सोडायचाच आहे तर त्याच्या तोंडात गळ कशाला अडकवायचा? खाणाऱ्याचं निदान पोट भरतं, तुमचा तर नुसता खेळ. तुम्ही म्हणायचात, खेळ नाही. मी विचारायचे, मग काय? तुम्हाला सांगता यायचं नाही, आणि मला विषय सोडवत नसे. एकदा घरी पोचेपर्यंत आपण बोललो नव्हतो.

यंदा जानेवारीत तो लागला. रॉन बरा होऊन बरोबर आला होता, नशीब. तुम्ही एकदम दोन पावलं पुढे गेलात, गळाची काठी वाकली, आणि रॉन इतक्या जोरात पाण्यात शिरला की मी खुर्चीवरून उठले. किती वेळ चाललं कोण जाणे. मासा पाण्याबाहेर उसळला तेव्हा मी पहिल्यांदा पाहिला, लांबच लांब, पाठ पोलादी, गालावर फिकट गुलाबी झाक. रॉनने गळ काढला आणि मासा तुमच्या हातात दिला, पाण्यातच. एक हात शेपटीपाशी, एक पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे. पर शाबूत होता. तुम्ही वाकून तसेच राहिलात. मासा दमलेला, कल्ले संथ हलत होते. रॉन हळू आवाजात म्हणत होता, घाई करू नको, त्याचा तो जाईल. आणि मग तो गेला. तुमच्या तोंडावर पाणी उडालं.

घरी आलो. मी चहा ठेवत होते, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणालात, "तुझी सासू गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. हळूहळू सैल पडत गेला, कधी गेली ते कळलंसुद्धा नाही. हा मासा हातातून जोर लावून गेला गं. माझा हात झटकून गेला."

मी आलं किसत राहिले. त्यानंतर आपण त्या विषयावर भांडलो नाही. पण माझं मत बदललं असं मी तुम्हाला सांगितलंही नाही, आणि खरं सांगायचं तर ते पूर्ण बदललेलं नाही. माशाला दुखतं, हे मला अजून वाटतं. ते घेऊन मी पुन्हा तुमच्याशी भांडणार होते. त्यासाठी तुम्ही असायला हवे होतात.

त्या दिवशी जायचं काही कारण नव्हतं. निखिल रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी तुमच्यासाठी कॉम्प्युटरवर नदीच्या पातळीचा आलेख उघडायचा. तुमचं दोघांचं तेवढंच बोलणं व्हायचं. चढतंय की उतरतंय. तो स्वतः कधी नदीवर आला नाही, रिलीज, टेस्टिंग, क्लायंट, काहीतरी असायचंच. त्या सकाळी तो म्हणाला, बाबा, रेष सरळ वर चाललीय, आज नका जाऊ. तुम्ही म्हणालात, मासे धरायला नाही, पाणी बघायला जातो. सगळा जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला माणूस पूर आलेली नदी बघायची सोडणार नाही, हे त्यालाही कळलं. तो हसला आणि गेला.

नदी गढूळ होती. आपल्या घोटभर चहात भरपूर दूध घातल्यावर होतो तसा रंग. तुमची नेहमीची जागा पाण्याखाली गेली होती. आपण पुलावर उभे राहिलो. एक अख्खं झाड मुळांसकट वाहत गेलं. तुम्ही कठड्यावर हात ठेवून मला जवळ बोलावलंत. "ऐक. खाली दगड चाललेत," म्हणालात. मी कान दिला. खरंच, पाण्याच्या आवाजाच्या खाली घरंगळल्यासारखा एक दबका आवाज येत होता. मी विचारलं, अशा वेळी मासे काय करत असतील? तुम्ही म्हणालात, काठाच्या आडोशाला थांबतात, पाणी निवळेपर्यंत. मग थर्मास उघडला. दोन कप चहा घेतलात. थालीपीठ नको म्हणालात. छातीत दुखतंय, हात दुखतोय, असलं काही म्हणाला नाहीत. मी त्या अर्ध्या तासातला प्रत्येक शब्द पुन्हा पुन्हा आठवून बघितलाय. तुम्ही आनंदात होतात, बाबा. शाळा बुडवून आल्यासारखे.

डोंगर उतरल्यावरच्या पहिल्या पेट्रोल पंपावर मी थांबले. या राज्यात पेट्रोल आपण भरायचं नसतं, पंपावरचा माणूस येतो. तो माझ्या खिडकीशी आला. मी तुम्हाला विचारायला वळले, कॉफी आणू का. तुमची मान खिडकीकडे कलली होती, टोपी थोडी वर सरकली होती. झोपलात असं वाटून मी टोपी नीट केली. मग तुमचा हात हातात घेतला.

पंपावरच्या माणसाने मला विचारलं नाही, सरळ फोन लावला. ॲम्ब्युलन्स आली, त्यांनी तुम्हाला खाली उतरवून ओल्या सिमेंटवर ठेवलं, शर्ट कापला. लोकरीचा तो राखाडी स्वेटर आईने विणलेला, तो कापू नका, असं मी ओरडले. मराठीत. त्यातल्या बाईने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, तुमचे वडील? मी हो म्हटलं. मी खोटं बोलले असं मला आजवर एकदाही वाटलेलं नाही.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय एकदम बंद पडलं, त्यांना कळलंही नसेल, तुम्ही तिथेच गाडी थांबवली असती तरी काही करता आलं नसतं. सगळे हेच सांगतात. मंडळातल्या काकू म्हणाल्या, किती पुण्यवान, कुणाची सेवा घेतली नाही. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. मला सेवा करायची होती. मला तुमचं पथ्य सांभाळायचं होतं, तुमच्यावर वैतागायचं होतं, तुम्ही हट्टी म्हातारे व्हायला हवे होतात. माणूस एका वाक्याच्या आणि दुसऱ्या वाक्याच्या मध्ये जातो, यात पुण्य कुठलं?

मी अजून सावरलेले नाही, हे मला कळतं. किराणा आणायला जाताना मी आधी तुमच्या बाजूचा दरवाजा उघडते आणि धरून उभी राहते. मग आठवतं. ती सीट तुमच्या लांब पायांसाठी मागे सरकवलेली आहे. निखिल तिथे बसला की त्याचे पाय पुढे पोचत नाहीत, तरी तो ती पुढे घेत नाही.

अंत्यविधीला रॉन टाय लावून आला होता. केस पाण्याने चापून बसवलेले. आत खुर्च्या होत्या, पण तो शेवटपर्यंत भिंतीपाशी उभा राहिला. निखिलला तिथे दहनभट्टीचं बटण दाबायचं होतं. त्याचा हात उचलेना. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि आम्ही दोघांनी ते दाबलं. बाहेर आल्यावर रॉन मला म्हणाला की आजवर त्याने कितीतरी जणांना नदीवर नेलं, पण मासा किती मोठा होता, हे एकदाही न विचारणारे तुम्ही एकटेच. मग तो वळला. आपला रानबा, बाबा, पार्किंग लॉटमध्ये गाडीला टेकून रडत होता.

मंगळवारी निखिल अस्थी घेऊन सांगलीला निघतोय. मला जाता येत नाही. गेले तर परत येताना व्हिसाचं स्टॅम्पिंग लागणार, आणि वकील म्हणतो, सध्या बाहेर पडू नका. कृष्णेच्या घाटावर मी नसणार. तुमच्या शेवटच्या क्षणी फक्त मी होते, आणि या वेळी फक्त मी नसणार. हे सगळं मी लिहितेय ते त्यामुळेच.

काल रविवार होता. मी उठले तेव्हा निखिल कॉम्प्युटरपुढे बसला होता. आलेख उघडलेला. मला वाटलं, ऑफिसचं काम. जवळ गेले तेव्हा तो वळून न बघता म्हणाला, "पाणी उतरलंय." आणि थोड्या वेळाने, "मला घेऊन चल."

गाडी मी चालवली. मी त्याला रस्ताभर काही ना काही विचारत राहिले, आणि तो सगळ्याला उत्तर देत राहिला. का विचारतेय ते त्याला कळत होतं. घाटात ऊन पडलं होतं. नदी खरंच निवळली होती, रॉन म्हणतो तशी हिरवी, तळ दिसतोय न दिसतोय अशी. आम्ही गळ वगैरे काही नेलं नव्हतं. पायवाटेने उतरलो. काठावर वाहून आलेल्या फांद्यांचा ढीग पडला होता.

निखिलने विचारलं, "बाबा नेमके कुठे उभे राहायचे?"

मी बोट दाखवलं. तो स्पोर्ट्स शूज आणि जीन्स घालून तसाच पाण्यात शिरला. थोडं जाऊन वळला. "इथे?"

"अजून पुढे. त्या मोठ्या दगडाच्या डावीकडे. तिथे वाळू आहे, पाय घसरत नाही."

तो सरकला. पाणी त्याच्या गुडघ्यांवर आलं. "इथे?"

"हो. आता तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला कर."

त्याने केलं. मग तो तिथेच उभा राहिला, हात दोन्ही बाजूंना लोंबत, काय करायचं ते न कळल्यासारखा. वारा नव्हता. पुलावरून एक ट्रक गेला. मी हाक मारली, आता बाहेर ये, आजारी पडशील, परवा प्रवास आहे. तो आला नाही. त्याचे खांदे हलायला लागले होते. तुम्ही गेल्यापासून तो रडला नव्हता. फोन करत होता, कागद गोळा करत होता, लोकांना चहा देत होता.

मी बूट काढले, सलवार वर खोचली आणि उतरले. पहिल्याच पावलाला श्वास अडकला. पायांत सुया गेल्यासारखं झालं, मग पाय आहेत की नाहीत तेही कळेना. निखिलने मागे हात केला, मी तो धरला, आणि आम्ही दोघे तुमच्या जागेवर उभे राहिलो.

पाणी इतकं गार असतं, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, बाबा.